इंग्रजी येतं का, हे चेहऱ्यावरून ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी लोकांवर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की आपल्या माणसांना तिकडे इंग्रजीचा प्रश्नच येत नाही. ते वाचलं आणि राहवलंच नाही म्हणून लिहितेय. मी न्यू जर्सीत एडिसनला २१ वर्षं राहते. इथल्या लोकांचे आपल्या इंग्रजीबद्दल गैरसमज आहेतच, पण आपलेही आहेत, आणि दुसऱ्या प्रकारचे आमच्या घराला फार महागात पडले.

पहिला प्रकार सगळ्यांना माहितीये. सावळा चेहरा दिसला की काउंटरवरची बाई मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागते, आणि मी नीट उत्तर दिलं की म्हणते अगं तुझं इंग्लिश किती छान आहे. मी बीएस्सी इंग्रजीतून केलं, इथल्या लॅबमध्ये रोज रिपोर्ट लिहिते. माझे उच्चार मराठी आहेत, आपल्याला एकच व पुरतो त्यामुळे व्ही आणि डब्ल्यू माझ्या तोंडून सारखेच निघतात, पण म्हणून मला भाषा येत नाही असं कसं होईल? आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमध्ये सेरामपूरला इंग्रजीत भाषण करून आपण का जातोय ते सांगून आल्या होत्या, आणि १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तरी आज पण आम्हाला बघून लोकांना आश्चर्य वाटतं.

आणि सरकारी आकड्यांचं पण सांगते. इथे सेन्सस ब्युरोचा दरवर्षी एक सर्व्हे असतो, त्यात घरी दुसरी भाषा बोलणाऱ्यांना विचारतात की इंग्रजी कितपत येतं: फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. परीक्षा वगैरे काही नाही, आपलं आपणच लिहायचं. आणि 'फार चांगलं' सोडून बाकी काहीही लिहिलं, अगदी 'चांगलं' लिहिलं, तरी तुम्ही इंग्रजी कमी येणाऱ्यांमध्ये मोजले जाता. आमच्याकडे तो फॉर्म आला तेव्हा माझ्या नवऱ्याने, जो आयुष्यभर इंग्रजीत काम करतोय, सरळ 'चांगलं' लिहिलं कारण स्वतःला फार चांगलं म्हणायचं आपल्याकडे वळणच नाही. मग पेपरात इतक्या लाख लोकांना इंग्रजी येत नाही असं छापून येतं, त्यात तो पण.

आता दुसरा, म्हणजे आपल्या माणसाला इंग्रजी येतच असणार असं धरून चालणं. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या, झेडपीच्या शाळेत ३० वर्षं मास्तरीण होत्या. इंग्रजी वाचतात, पेपरातली हेडलाइन कळते, पण अमेरिकन माणूस भराभर बोलायला लागला की काही पत्ता लागत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना बरं वाटेना म्हणून इथल्या एका हॉस्पिटलात नेलं. मी कामावर होते, बरोबर माझी १३ वर्षांची मुलगी आणि शेजारीण. रजिस्ट्रेशनला कोणी काही न विचारता भाषा म्हणून इंग्रजी टाकली, कारण इंडियन, म्हणजे इंग्रजी येणारच. नर्स विचारत गेली, सासूबाई मान हलवत यस यस म्हणत गेल्या, जिथे अडलं तिथे नातीला पुढे केलं. आता पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर रक्त जातंय हे आजी नातीच्या तोंडून डॉक्टरला कशी सांगणार? नाही सांगितलं. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी आल्या. मला हे दीड महिन्याने कळलं, त्या रात्री मी झोपू शकले नाही.

पुढच्या वेळी मी स्वतः गेले आणि मराठी दुभाषा पाहिजे म्हणून अडून बसले. दहा मिनिटांत फोनवर एक बाई आल्या, स्वच्छ मराठी, आणि मला बाहेर जायला सांगून सासूबाई अर्धा तास बोलल्या. मग सोनोग्राफी, बायोप्सी, सगळं झालं. आता बऱ्या आहेत पण तो दीड महिना गेलाच ना.

फुकट दुभाषा हा तिथे पेशंटचा हक्क आहे, २०१० च्या आरोग्य कायद्यातल्या कलम १५५७ खाली, आणि लहान मुलांकडून दुभाष्याचं काम इमर्जन्सी सोडून करून घ्यायचं नसतं. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. १ मार्च २०२५ ला इंग्रजी अमेरिकेची अधिकृत भाषा झाली आणि सरकारी ऑफिसांनी भाषेची मदत द्यावी हा २००० सालचा आदेश रद्द झाला, त्यामुळे बरेच जण समजतात की आता दुभाषा मिळतच नाही. पण हॉस्पिटलात दुभाषा मिळण्याचा पेशंटचा हक्क त्या आदेशातला नाही, कायद्यातला आहे.

तुमचे कितीतरी वाचक दर उन्हाळ्यात मुलांकडे सहा महिने येतात, म्हणून हे छापावं ही कळकळीची विनंती. हॉस्पिटलच्या फॉर्मवर भाषेच्या रकान्यात मराठी लिहा, मुलगा म्हणाला मी आहे ना सांगायला तरी लिहा, आणि डॉक्टरकडे गेल्यावर आधी मराठी दुभाषा मागा.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी