तोडफोडच्या नावापुढे पिक्चर कशाला?

संपादक साहेब,

परवा लोकलमध्ये दोन कॉलेजची पोरं भांडत होती, मेल्यानंतर कोण मोठं झालं, अमेरिकेचा रॅपर टुपाक का पंजाबचा सिद्धू मूसेवाला. मला राहवलं नाय, मधे तोंड घातलं, म्हटलं आपला मुंबईचा रॅपर एमसी तोडफोड? एक म्हणाला कोण तो, दुसरा म्हणाला अरे तो गली बॉय पिक्चरवाला. संपलं.

पोरांचं तरी काय चुकलं. तोडफोड म्हणजे धर्मेश परमार 20 मार्च 2022ला गेला, वय फक्त 24, तेव्हा जिकडे तिकडे ‘गली बॉय फेम रॅपर’ अशाच बातम्या आणि रणवीर सिंगने इन्स्टावर काय टाकलं ते. अहो पिक्चरमधे त्याचं एक गाणं, तेही पाचसहा जणांसोबत. त्याचा खरा क्रू स्वदेसी, हा गुजरातीत रॅप करायचा, एमसी मवाली मराठीत, 100 आरबीएच नावाचा रॅपर अमरावतीचा, आणि ह्याच क्रूने आरेच्या आदिवासी प्रकाश भोईरांना सोबत घेऊन ‘वारली रिवोल्ट’ हे गाणं केलं, ते पण 2019ला, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्यावरून राडा चालू होता त्या वर्षी. मुंबईत कोणी गुजरातीत सिस्टमविरुद्ध रॅप करेल असं मला आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

दोन महिन्यांनी, 29 मेला मूसेवालाला गोळ्या घातल्या. तो मोठाच होता, वाद नाय, मीपण ऐकतो. त्याच्या मागे न आलेल्या गाण्यांचा साठा होता, जूनमधे ‘एसवायएल’ आलं, सतलज-यमुना कालव्यावरचं, आणि काही दिवसांत भारतात यूट्यूबवरून उडवलं, म्हणजे गेल्यावरही माणूस झोंबत होता. नायजेरियाच्या बर्ना बॉयसोबतचं गाणं तर 2023ला आलं. टुपाक 1996ला गेला तरी अल्बम येतच राहिले. अमेरिकेचाच दुसरा रॅपर बिगी, त्याचा डबल अल्बम तो गेल्यावर 16 दिवसांनी आला, आणि त्याचंही वय 24च, तोडफोडएवढंच.

तोडफोडच्या मागे ना एवढा साठा, ना गोळी ना गँग, बातमीला मसालाच नाय. पण आज आपापल्या बोलीत बिनधास्त रॅप करणारी पोरं दिसतात त्यात ह्या क्रूचा हात आहे असं माझं मत, ते व्ह्यूजमधे कसं मोजणार?

येत्या 20 मार्चला एक कोपरा द्या, त्याच्या गुजराती ओळी मराठी अर्थासकट छापा, आणि प्लीज हेडिंगमधे पिक्चरचं नाव नको.

– एक वाचक, डोंबिवली