दुसरा जिना नकाशातच राहिला

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बसलो की बाजारातली ती जळकी इमारत डोळ्यांसमोर यायची, म्हणून इतके दिवस गेले. खाली काजूचं दुकान, वर लॉज. मीटरच्या पेटीपाशी आग लागली आणि वर जाणारा एकुलता एक जिना नेमका तिच्याच शेजारी. धूर त्याच वाटेने चढला. बाबलकाकांचा नातू तिथे कामाला होता, त्याने गॅलरीतून उडी टाकली. जगला, पण पाय मोडला.

काकांनी माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा मागवला. ओटीवर पसरून आम्ही दोघं वाकून बघत होतो. मागच्या अंगाला दुसरा जिना स्वच्छ काढलेला, खाली शिक्का, सही. प्रत्यक्षात त्या जागी संडास आहे. तरी नगरपरिषदेचा भोगवटा दाखला, म्हणजे इमारत वापरायला हरकत नाही असा कागद, मिळालेला! काका त्यावर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "मगे ह्यो जिनो खंय गेलो?"

मग मी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या खटल्याचं वाचलं. १३ जून १९९७ ला तिथे ५९ माणसं गेली. बाल्कनीतले लोक धुराने गुदमरले, कारण ज्यादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवलेली. २००३ साली उच्च न्यायालयाने महापालिका, परवाना देणारे पोलीस आणि वीज मंडळ यांच्यावर प्रत्येकी १५ टक्के भरपाई टाकली, उरलेले ५५ मालकांवर. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला आणि पोलिसांना सोडलं: मालक ८५, वीज मंडळ १५. परवान्याच्या कामात नुसती हयगय झाली, एवढ्यावर भरपाई लागत नाही, असं त्याचं सार मला कळलं.

दत्ता, हे मला पटत नाही रे. मालकाचा दोष मोठा, हे मान्य. आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानेही दर सहा महिन्यांनी यंत्रणा ठीक असल्याचा दाखला देण्याची जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावरच घातली आहे. पण कोल्हापूरहून समुद्र बघायला आलेलं कुटुंब खोली घेताना नकाशा मागत नाही. तो हातात घेऊन आत शिरायचा, जिने मोजायचा अधिकार फक्त सही करणाऱ्याला असतो. त्या सहीच्या भरवशावर माणसं वर झोपतात. ती न बघता झाली असेल, तर पोराच्या मोडक्या पायातला काही वाटा तिचाही नको का?

तू वकील आहेस, म्हणून विचारतो. दिवाणी दावा करायचा तर नगरपरिषदेला प्रतिवादी करता येईल का? आधी नोटीस द्यावी लागते म्हणतात, ती कुणाच्या नावे? दाव्याला मुदत किती? नकाशाची आणि दाखल्याची झेरॉक्स सोबत पाठवतोय. काका रोज संध्याकाळी येऊन विचारतात, दत्ताचं पत्र आलं का.

तुझा,
विनू