इमर्जन्सीतला 'रिअल टाइम' डेटा खरंच त्या वेळेचा असतो का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

इमर्जन्सीत आता एआय येणार, पेशंटचा डेटा लाइव्ह बघून सॉफ्टवेअर धोका आधीच सांगणार, अशा बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात. मी इमर्जन्सीत नर्स आहे, पेशंट बिघडतोय हे अर्धा तास आधी कळलं तर काय फरक पडतो ते रोज बघते, त्यामुळे मला हे हवंच आहे. पण कॉम्प्युटरमध्ये दिसणारी वेळ म्हणजे ती गोष्ट घडली तीच वेळ, असं या बातम्यांत सगळे धरून चालतात आणि तसं नसतं, म्हणून हे पत्र.

कार्डिॲक अरेस्टचा, म्हणजे हृदय बंद पडलेला पेशंट आला की एक जण छाती दाबतो, एक जण श्वासाचं बघतो, ॲड्रेनलिन दर 3 ते 5 मिनिटांनी द्यायचं असतं, कोणीतरी ओरडून वेळ सांगतं आणि मी ती हाताला लावलेल्या चिकटपट्टीवर लिहून ठेवते. कॉम्प्युटरपाशी जायला मिळतं ते सगळं आवरल्यावर, तोवर पट्टीवरचं निम्मं पुसलेलं असतं, मग 10.15, 10.20, 10.25 असे गोल आकडे पडतात. त्यात मॉनिटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या पुढे आणि डिफिब्रिलेटरचं, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या मशीनचं, तिसरंच, त्यामुळे नोंदीत शॉक आधी आणि अरेस्ट नंतर असंही दिसू शकतं. उद्या कोणी हाच डेटा घेऊन औषध किती मिनिटांत दिलं तर पेशंट वाचतात हे शोधायला बसलं तर उत्तर काय येणार?

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागणं, आणि त्यात बीपी कोसळलं की तो सेप्टिक शॉक. त्यात अँटिबायोटिक तासाभरात द्यावं असं सांगतात. पण डॉक्टरांनी ऑर्डर टाकली ती वेळ वेगळी, औषध वॉर्डात आलं ती वेगळी आणि प्रत्यक्ष शिरेत गेलं ती वेगळी, आणि रेकॉर्डमध्ये बऱ्याचदा पहिलीच सापडते.

सॉफ्टवेअर आलं म्हणजे काम झालं असंही नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी सेप्सिस ओळखणारं, तिथल्या शेकडो हॉस्पिटलांत वापरात असलेलं एक मॉडेल आपल्या पेशंटवर तपासलं, 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. सेप्सिस झालेल्यांपैकी 67 टक्के पेशंट त्याच्या नजरेतून सुटले होते आणि वर ॲडमिट असलेल्या 18 टक्के लोकांवर त्याने अलर्ट दिला होता. इतके अलर्ट वाजायला लागले की माणूस बघणं सोडून देतो हो, त्यात नर्सचा आळस नसतो, एकाच वेळी चार बेड वाजत असतात.

पेशंटच्या नोंदी नीट वापरल्या तर त्यातून किती मिळतं तेही आपण बघितलंय. कोविडमध्ये कुठलं औषध चालतं ते तपासणारी ब्रिटनची रिकव्हरी ट्रायल मार्च 2020 मध्ये सुरू झाली, फॉर्म अगदी छोटा ठेवला, बाकीची बरीच माहिती आरोग्यसेवेच्या नेहमीच्या नोंदींतून घेतली, आणि जूनमध्येच कळलं की साध्या स्वस्त डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. आधीच वाकलेल्या स्टाफवर आणखी लिहिण्याचं ओझं टाकलं नाही हे मला त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

संमतीचं मात्र कोणी हलक्यात घेऊ नये. बेशुद्ध पेशंट हो की नाही सांगू शकत नाही, मग शुद्धीवर आल्यावर त्याला किंवा नातेवाइकांना साध्या भाषेत सांगायला हवं की तुमची माहिती अभ्यासासाठी वापरतोय, आणि नको म्हणाले तर उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे की महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी सगळ्या मशीनची घड्याळं नेटवर्कला जोडून एक करा, मॉनिटरचे आकडे थेट रेकॉर्डमध्ये जाऊ द्या, आणि अरेस्टच्या वेळी फक्त नोंद करायला एक माणूस द्या, ज्याच्या हातात दुसरं काहीही नसेल.

आपली,
इमर्जन्सी विभागातली एक नर्स