कान्ट असं म्हणाला कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला विश्वनागरिकत्वावरचा लेख वाचला. शैली ओघवती आहे, यात शंका नाही. पण त्या ओघात जर्मन तत्त्वज्ञ कान्ट वाहून गेला, त्याचं काय? सगळ्या सीमा पुसून जगात एकच सरकार आणा, असं त्याच्या नावावर खुशाल ठोकून दिलंय. चिरंतन शांततेवरच्या १७९५च्या निबंधात तो नेमकं उलट म्हणतो. एकच जागतिक सत्ता म्हणजे निर्जीव हुकूमशाही, या भीतीने तो स्वतंत्र राष्ट्रांच्या संघाकडे वळतो. परक्याला हक्क देतो तो भेटीचा, मुक्कामाचा नव्हे. त्यामागे कंजूषपणा नाही. पाहुणे म्हणून गेलेल्या युरोपियनांनी हिंदुस्थानात आणि इतरत्र काय उच्छाद मांडला, ते त्याने तिथेच सुनावलंय. चीन-जपानने असल्या पाहुण्यांना दाराशीच अडवलं ते शहाणपणाचं, असंही म्हटलंय. एवढं सगळं गाळल्यावर कान्ट कुणाच्याही कामी येतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाची दैना तर विचारू नका. राष्ट्र रचलेलं आहे म्हणून खोटं, आणि खोटं आहे म्हणून मोडा, याला आपले लेखक विरचना म्हणतात! देरिदाची विरचना म्हणजे मोडतोड नव्हे, गृहीतकं उकलून पाहणं. १९९६मध्ये स्ट्रासबर्गच्या लेखक-संसद या आंतरराष्ट्रीय लेखकसंघटनेपुढे मांडलेल्या भाषणात देरिदाने परागंदांना थारा देणाऱ्या आश्रयनगरांची बाजू घेतली, ती कायदे सुधारावेत म्हणून. परक्याचं विनाअट स्वागत कायद्यात उतरलं नाही तर ती नुसती सदिच्छा राहते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाझींपुढे झुकलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने १९४० साली फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियातल्या ज्यूंचं फ्रेंच नागरिकत्व काढून घेतलं तेव्हा तिथलाच ज्यू असलेला तो दहा वर्षांचा होता. १९४२मध्ये त्याला शाळेतूनही घालवलं. नागरिकत्वाची किंमत त्याला आपण समजावून सांगायची?

याच विनाअट स्वागताविषयी मी एकदा जाहीरपणे विचारायला गेलो होतो. व्याख्यानाचा विषय: विनाअट आतिथ्य. दाराशी निमंत्रणपत्रिका मागितली, माझ्याकडे नव्हती. बराच वेळ बाहेर ताटकळलो, मग ओळखीच्या एका बाईंनी आत नेलं. कान्टचा भेटीचा हक्कदेखील वशिल्याने मिळाला म्हणायचा. आगंतुकाचं नावगावही न विचारता दार उघडावं, हे वक्ते तासभर सांगत होते. प्रश्नोत्तरांत मी उठलो, तर अध्यक्षांनी आधी नाव विचारलं, मग कुठल्या संस्थेतर्फे आलात ते विचारलं, आणि मग वेळ संपल्याचं जाहीर केलं. दार असं सताड उघडल्यावर यजमान यजमान तरी राहतो का, एवढंच मला विचारायचं होतं. खुद्द देरिदाच या प्रश्नाशी झटत होता. पुढे चहाच्या वेळी एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘तुम्ही कट्टर राष्ट्रवादी दिसता.’ दुसरे म्हणाले, ‘देरिदा वाचता? मग देश नकोच असेल तुम्हाला!’ एका कप चहात दोन प्रमाणपत्रं. कालच्या लेखाचा सूरही याहून वेगळा नाही, फक्त त्यात चहा नव्हता.

आणि एवढ्या लांबलचक लेखात नाझी जर्मनीतून निसटलेल्या हाना आरेंट या ज्यू विचारवंत बाईचं नावही नसावं? १९३७ ते १९५१ ही बाई कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. ज्यांच्याकडे माणूस असण्यापलीकडे काहीच उरलं नव्हतं, नेमक्या त्यांच्याच बाबतीत मानवी हक्क कोलमडले, हे तिने लिहून ठेवलंय. आपल्या लेखकांच्या खिशात पासपोर्ट असणार, त्यामुळे ही अडचण सुचली नसावी.

जाता जाता एक. फ्रेंच विचारवंत रेनाँवरच्या माझ्या मागच्या पत्रातलं, राष्ट्र घडायला विस्मरण लागतं, हे त्याचं १८८२चं म्हणणं आपण छापलंत. राष्ट्राचं अस्तित्व म्हणजे रोजचं सार्वमत, हे त्याच व्याख्यानात पुढे येणारं वाक्य मात्र जागेअभावी उडवलंत. त्यानंतर मला देशद्रोही ठरवणारी पत्रं आठवडेच्या आठवडे शब्दही न कापता आली. तेव्हा जागा कुठून निघाली? हे पत्र कापायचंच असेल तर कृपया छापू नये.

आपला,
एक जुना वाचक