चि. मुग्धास

गिरगाव, रविवार

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास, माझं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र. "नाव बदलून टाक, कशाला नव्या घरात वाद," एवढंच म्हणाले होते. सासूबाई काही बोलल्या का गं त्यावरून? विचारणार नव्हते, पण राहवलं नाही.

परवा बीएलओच्या, म्हणजे घरोघरी मतदार यादी तपासायच्या ड्युटीवर मागच्या चाळीत तिसरा मजला चढले. (गुडघा बरा आहे, बाबांचं ऐकू नकोस.) एका आजींचं नाव मतदार यादीत चुकलं होतं. सुनेला विचारलं, तर म्हणाली, "आम्ही आजीच म्हणतो." मग बिस्किटांचा डबा उघडला. लाइट बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी आधार कार्ड. यमुना. आजी खाटेवरून म्हणाल्या, "माहेरचं चंपा होतं. ते कुठे लिहायचं?" फॉर्मात त्याला रकाना नाही.

१९५१-५२ च्या निवडणुकीचं वर्गात दर वर्षी सांगते मी. सुमारे २८ लाख बायकांनी नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, त्यांनी त्यांना यादीतून सरळ वगळलं. त्याआधी इंग्रजांचा १९३५ चा कायदा तर काय, नवऱ्याकडे मालमत्ता असली की बायकोला मत, आणि तो गेल्यावर विधवेलाही त्याच्याच जोरावर. मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलने १९२१ मध्येच बायकांना मत दिलं होतं, पण मालमत्तेची अट तशीच. गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायला जाणाऱ्या आपल्या पणजीच्या नावावर होतं काय? तांब्याचा एक हंडा!

बघ, शिकवायलाच लागले. माफ कर.

पण एक सांगू दे. १९१९ मध्ये हेराबाई टाटा आपल्या लेकीला, मिठनला घेऊन मुंबईहून लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे बायकांच्या मताची बाजू मांडायला. मिठन विशीतली. ती तिथेच शिकायला राहिली, तर आईही राहिली. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन पोर परतली आणि मुंबई हायकोर्टात उभी राहिली. आणि मी? तुला नाशिकला पोचवायलासुद्धा आले नाही, कारण शनिवारी भांडण झालं होतं. माझ्याऐवजी माईआत्या गेली ना, तिला काय येतं!

लहानपणी वहीवर तू नाव लिहायचीस तेव्हा 'मुग्धा' आडव्या रेघेच्या बाहेर जायचं. बाई ओरडायच्या. मला मात्र ते आवडायचं, बोलले नाही कधी.

ठेव तुझं नाव. मला भीती वाटते, ती माझी मी बघते. पण पहिल्याच वर्षी उलट उत्तरं देऊ नकोस. म्हणजे दे, पण जेवणाच्या वेळी नको. आणि पत्ता बदलल्याचा फॉर्म ८ भर, नाहीतर यादीत इथेच अडकशील.

लोणच्याची बरणी दादाबरोबर पाठवते. रिकामी परत नको, आपल्यात तसं करत नाहीत.

सासूबाई काही बोलल्या का, तेवढं कळव.

तुझी,
आई