विषय: १७० सेंमीच्या स्की मागवल्या, १४९ सेंमीच्या पाठवल्या, वर ‘सरांना फोन द्या’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

काल संध्याकाळी तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोलले. २२ मिनिटं. त्यातली १४ तुमची धून ऐकण्यात गेली. त्यामुळे ‘सप्रेम नमस्कार’ वगैरे राहू द्या.

ऑर्डर तुमच्यासमोर असेलच. ऑल-माउंटन स्की, लांबी १७०, कंबरेची (मधल्या अरुंद भागाची) रुंदी ९४ मिमी, आत टायटनाल या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन पत्रे, टोकाला रॉकर (म्हणजे टोक आधीपासूनच वर वळलेलं), पायाखाली कॅम्बर (म्हणजे कमानीसारखा उंचवटा). बाइंडिंगसह (बूट स्कीला अडकवायची यंत्रणा) ७८,५०० रुपये, सगळे आगाऊ. आली ती जोडी १४९ लांब, ७५ रुंद, मऊ, पत्र्याचा पत्ता नाही, आणि वर गुलाबी फुलं. माझी उंची १६८, वजन ६६ किलो. उभी धरली तर स्की जेमतेम हनुवटीला लागते. हनुवटीचं माप पहिल्यांदा बर्फावर उभं राहणाऱ्याला देतात, हे तुमच्याच साइटवरच्या तक्त्यात लिहिलंय. मी उत्तराखंडात औलीला शिकले, त्यानंतर सात हिवाळे गुलमर्गला जातेय. ‘पातळी’च्या चौकटीत मी ‘प्रगत’ भरलं होतं. पण त्याच्या वरच्या चौकटीत ‘महिला’ भरलं, तिथेच माझं चुकलं असावं.

कंबर ९४ का, हे तुम्हाला माहीत असणारच. स्की तुम्ही विकता. तरी सांगते. गुलमर्गच्या गंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो. तिथे कोणी बर्फ दाबून ठेवत नाही, भुसभुशीत असतो. खाली पहिल्या टप्प्याच्या उतारावर सकाळी तोच बर्फ टणक. वर ७५ ची स्की बुडते. खाली ११० ची एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते. दोन्हीकडे एकाच जोडीने भागवायचं तर नव्वदीच्या आसपासच यावं लागतं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. लांबी गुणिले नुसती कंबरेची रुंदी एवढाच हिशेब केला तरी मी मागितलेल्या स्कीचं क्षेत्रफळ तुमच्या स्कीच्या जवळजवळ दीडपट भरतं, म्हणजे दाब कमी आणि बुडणंही कमी. लांबीचंही तेच. टोकाला रॉकर असला की टणक उतारावर कडेची सगळी लांबी टेकत नाही, म्हणून १७० ची स्की वळायला तितकी लांब वाटत नाही. आणि पत्रे नसले की वेगात टोक थडथडतं. महिलांसाठीची स्की थोडी हलकी असावी, बाइंडिंग जरा पुढे बसवावं, याला माझी ना नाही. पण हलकी म्हणजे लेचीपेची नव्हे.

आता कालचा फोन. त्या मुलाचं नाव लिहीत नाही, तो पगारी आहे, त्याला शिकवणारे तुम्ही. ऑर्डर नंबर ऐकल्यावर त्याचा पहिला प्रश्न: “मॅडम, सर आहेत का घरात?”

मी विचारलं, “कोणते सर?”

“स्की वापरणारे सर. त्यांना फोन द्या ना, टेक्निकल आहे जरा.”

मी म्हटलं, स्की मीच वापरते. पलीकडे शांतता. मग एकदम उत्साहात: “अच्छा, लेडीज यूजर! मग बरोबरच आलंय मॅडम. लेडीजना लांब स्की झेपत नाही, म्हणून आमच्या टीमने तुम्हाला अपग्रेड करून दिलंय.”

अपग्रेड! आमच्या चोपड्याच्या बाजारात २० किलो केळी मागणाऱ्याच्या हातात १३ किलो ठेवली, तर त्याला अपग्रेड म्हणत नाहीत. जो शब्द आहे तो मी कॉलेजात शिकवते म्हणून इथे लिहीत नाही.

एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण त्याने पिनकोड वाचला. “मॅडम, हे तर जळगाव डिस्ट्रिक्ट. तिथे बर्फ पडतो का?” मागे कोणीतरी हसलं. म्यूटचं बटण कुठे असतं तेवढं तरी त्यांना शिकवा. नाही पडत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बर्फ रसवंतीवर मिळतो. म्हणूनच तर गुलमर्गला जाते ना? मुंबईत तरी कुठे पडतो? तिथल्या गिऱ्हाइकालाही हा प्रश्न विचारता का?

शेवटी सल्ला: “एकदा वापरून बघा, आवडेल.” म्हणजे वापरली की परत घ्यायला नको.

तसंही तुम्ही घेत नाहीच. पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, बाइंडिंगसाठी भोकं पाडलेली स्की परत होत नाही. भोकं मी पाडली का? तुमच्याच वर्कशॉपने पाडली, माझ्या बुटाच्या तळव्याची लांबी न विचारता. तळवा ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, किंचित वळलेला) आहे का, हेही विचारलं नाही. पाठवलेलं बाइंडिंग फक्त जुन्या सपाट अल्पाइन तळव्याचं आहे. पडल्यावर बूट सुटायला हवा, आणि या जोडीत तो वेळेवर सुटेल याचा भरवसा नाही. गुडघा माझा आहे, तुमच्या टीमचा नव्हे.

खोकं रिक्षाच्या टपावर बांधून घरी आणलं तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, “हाई काय शे वं माय? केळना घडले टेका देवाले का?” तेव्हा हसले. आता वाटतं, त्यांनीच खरा उपयोग सांगितला.

वाईट याचं वाटतं की माझा पहिला गॉगल, हातमोजे, हेल्मेट सगळं तुमच्याकडचं. जळगावच्या ट्रेकिंगवाल्या पाच-सहा मैत्रिणींना तुमचं नाव मी सुचवलं. त्यातल्या एकीला यंदा स्की घ्यायच्या आहेत. तिलाही ‘सरांना फोन द्या’ ऐकवणार का?

१० फेब्रुवारीला मी गुलमर्गसाठी निघतेय. त्याआधी मी मागवलेलीच जोडी, १७० आणि ९४, ग्रिपवॉक चालणाऱ्या बाइंडिंगसह, तळव्याची लांबी विचारून, पाठवा. नाहीतर पूर्ण पैसे परत करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. माझ्या पहिल्या ई-मेलला आज १९ दिवस झाले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार मी राहते तिथल्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे तुमच्या वकिलाला जळगावला यावं लागेल. त्याला सांगून ठेवा, बर्फ पडत नाही.

फोन करू नका. लेखी कळवा, आणि माझ्याच नावाने.

तुमची (अजून तरी) ग्राहक,
चोपडा, जि. जळगाव

ता. क. खोक्यात ‘लेडीज स्पेशल’ म्हणून गुलाबी की-चेन निघाली. न्यायला माणूस येईल तेव्हा तीही घेऊन जायला सांगा.