पट्टीवर पेनाने गोल काढणाऱ्या ताईंना

आदरणीय फार्मासिस्ट ताई,

सप्रेम नमस्कार.

तीन महिन्यांपूर्वी गुडघेदुखीवरच्या गोळ्यांची पट्टी घेण्यासाठी मी आपल्याकडे आलो होतो. मी पैसे काढत असताना आपण “रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे?” असे विचारलेत. माझ्या खिशातल्या पाकिटावर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन नावे होती. ती वाचून आपण माझ्या हातातली पट्टी उलटी केलीत, बारीक अक्षरांतल्या ‘आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम’ या शब्दांभोवती पेनाने गोल काढलात आणि हे किती दिवस चालले आहे, असे शांतपणे विचारलेत. “दीड महिना, रोज दोन-तीन वेळा,” असे सांगताना त्यात काही वावगे असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

त्या दीड महिन्यात एरवी 130/80 च्या आसपास असणारा माझा रक्तदाब 146/92 वर जाऊन बसला होता आणि डोस वाढवण्याचे बोलणे सुरू झाले होते. “आणखी काही औषधे घेता का?” असे डॉक्टरांनी दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी “नाही” म्हणालो. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळीला मी औषधात धरतच नव्हतो.

आपण त्या दिवशी जे समजावलेत ते मी घरी येऊन लिहून ठेवले. मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या खुल्या ठेवण्यास प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मदत करतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्या ती तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या अनेक औषधांचा परिणाम बोथट होतो. माझ्यासारखे टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध घेणाऱ्याने त्यांत ही तिसरी गोळी मिसळली, तर मूत्रपिंडातील गाळणीवरचा दाब एकदम घटू शकतो, आणि उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल तर धोका आणखी वाढतो. माझ्या पायांवर संध्याकाळी मोज्यांचे वळ का उमटतात, हे मला तेव्हा कळले.

रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका, हे आपण दोनदा बजावलेत, आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी दोन ओळींची चिठ्ठीही दिलीत. तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारा रक्तातला घटक, थोडे वाढलेले निघाले. वेदनाशामक थांबवल्यावर ते पूर्ववत झाले आणि डोस वाढवावा लागला नाही. आता गुडघ्याला मलम आणि व्यायाम, आणि फारच दुखले तर पॅरासिटामॉल. तेही मोजूनच, कारण रोज 4 ग्रॅम घेतल्यास त्यानेही रक्तदाब वाढतो, असे एडिनबर्गच्या 2022 सालच्या अभ्यासात दिसले आहे. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत सोडियम बरेच असते आणि सर्दीच्या काही गोळ्याही रक्तदाब चढवतात, हेही आपणच सांगितलेत. माझे थोरले बंधू हृदयविकारासाठी 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतात. तीही वेदनाशामकांपैकीच, म्हणून हे सारे ऐकून ते ती बंद करायला निघाले होते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नका, असे आपण फोनवर निक्षून सांगितलेत, त्याबद्दल तर आमचे सारे घर आपले ऋणी आहे.

आपल्यासमोर त्या वेळी रांग होती. तरीही माझ्यासाठी आपण जी दहा मिनिटे दिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. गोल काढलेली ती पट्टी मी रक्तदाबाच्या वहीत जपून ठेवली आहे, आणि त्याच पानावर मी घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव आता लिहिलेले आहे, चिठ्ठीवरच्या आणि चिठ्ठीशिवायच्याही.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण